कुर्डुवाडी ते पंढरपूर: परतीच्या वारीची गाडी

पंढरपूरला पायी कसे जावे याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तेथून घरी परत कसे यावे याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. मी मूळची बार्शीची. आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे आणि त्या चारही पिढ्या परत आल्या त्या रेल्वेने, आधी अरुंद रुळांच्या ‘बार्शी लाईट’ने आणि आता त्याच दिशेने धावणाऱ्या ब्रॉडगेजच्या गाडीने. गेल्या वर्षभरात कुर्डुवाडी ते पंढरपूर या सुमारे ५० किलोमीटरच्या मार्गावर मी तीन वेळा प्रवास केला: कार्तिकीला आईला बरोबर घेऊन, माघात यात्रा सरल्यानंतरच्या एका साध्या दिवशी एकटीने, आणि आषाढीला द्वादशीची बारस सोडून परतताना. या तीन प्रवासांच्या आधारावर आणि या मार्गाचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून मी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आरंभीच सांगते. ही सेवा चांगली आहे, जपण्याजोगी आहे, आणि तिची पारख पंढरपूरला नेणारी गाडी म्हणून करण्यापेक्षा पंढरपूरहून परत आणणारी गाडी म्हणून केली, तर तिचे गुण आणि तिच्या उणिवा दोन्ही स्वच्छ दिसतात.

इतिहासापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण आजच्या गाडीचे पुष्कळसे वागणे त्या इतिहासातून आलेले आहे. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला, परंतु वाटेत त्याने बार्शीला बगल दिली. बार्शी ही त्या काळी कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ होती, आणि बालाघाटापलीकडच्या मोगलाईतला माल तेथे उतरत असे. मुख्य मार्गावरचे सर्वांत जवळचे स्थानक होते कुर्डुवाडीचे, आणि त्याचे नाव ठेवले गेले ‘बार्शी रोड’. ज्या स्थानकाच्या नावामागे ‘रोड’ लागतो त्या स्थानकापासून गाव दूर असते, हे आपल्याकडच्या प्रवाशांना वेगळे सांगावे लागत नाही. येथे ते अंतर ३० किलोमीटरहून अधिक होते. काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात बैलगाडीची चाके आसापर्यंत रुतत, आणि कापसाचे गठ्ठे स्थानकावर पोहोचेपर्यंत हंगाम निघून जाण्याची धास्ती असे.

हे दृश्य ज्यांच्या मनात राहिले त्या इंग्रज अभियंत्याचे नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. ते १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत इंजिनांचे निरीक्षक म्हणून रुजू झाले. मुख्य मार्गापासून बार्शीपर्यंत हलका, अरुंद आणि स्वस्त लोहमार्ग टाकता येईल, ही कल्पना त्यांनी अनेक वर्षे चिकाटीने लावून धरली. अखेर १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन हा पहिला टप्पा सुरू झाला. दोन रुळांमधले अंतर होते अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गाचे अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर होते.

कॅलथ्रॉप यांचे खरे कर्तृत्व रूळ अरुंद करण्यात नव्हते, तर त्या रुळांवर वजन कसे वाटावे या विचारात होते. अरुंद रुळांचे मार्ग त्याआधीही होते, पण ते लहानशा, डुगडुगणाऱ्या गाड्यांचे मार्ग समजले जात. कॅलथ्रॉप यांनी असा नियम केला की इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा असो, कोणत्याही एका आसावर ५ टनांहून अधिक भार पडता कामा नये. आणि हा भार गाडीभर सारखा वाटला गेला, तर हलक्या रुळांवरूनही मोठे डबे आणि भरपूर माल नेता येतो. त्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीकडून आठ चालक चाके आणि मागे चार आधारचाके असलेली इंजिने बनवून घेण्यात आली. ही इंजिने आणि डबे हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ चाचणीचा रूळ टाकून त्यांवर चालवून पाहिले गेले, आणि तेथे रेल्वेतल्या जाणकारांनी ते तपासले. पुढे या देशात अडीच फुटी मार्गांकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले त्यात बार्शी लाईटच्या यशाचा मोठा वाटा होता. याच कॅलथ्रॉप यांनी नंतर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड हा १९०४ मध्ये सुरू झालेला अडीच फुटी मार्ग आखला. तो १९३४ मध्ये बंद पडला, आणि बार्शीचा मार्ग मात्र त्यानंतरही सत्तरएक वर्षे चालत राहिला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी वैमानिकांचे प्राण वाचवण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली. हे येथे सांगण्याचे कारण इतकेच, की यंत्राच्या आत बसलेल्या माणसाचा विचार करण्याची त्यांची वृत्ती मला या दोन्ही कामांत सारखीच दिसते.

कापसासाठी सुरू झालेला हा मार्ग १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून दुसऱ्या दिशेने पंढरपूरपर्यंत वाढला, आणि तेथून त्याचे स्वरूप पालटले. कापूस हंगामात येतो, पण अंदाजाने येतो. यात्रा तिथीने येते. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार यात्रांपैकी पहिल्या दोन यात्रांत उतारूंचा जो लोंढा येतो तो वर्षाच्या उरलेल्या दिवसांच्या मानाने इतका मोठा असतो, की त्याच्यासाठी डबे ठेवावेत तर ते वर्षभर उभे राहतात, आणि न ठेवावेत तर माणसे फलाटावर राहतात. तीर्थाच्या गावाला जाणाऱ्या प्रत्येक लहान शाखेपुढे हा पेच असतो. त्या काळी हिंदुस्थानातल्या अनेक रेल्वेंनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे यात्रेकरूंना मालडब्यांतून नेणे, आणि त्याविरुद्ध तक्रारीही सतत होत राहिल्या. यात्रेबरोबर पटकी पसरते, ही सरकारची एकोणिसाव्या शतकापासूनची चिंता होती, आणि ती निराधार नव्हती. रेल्वेमुळे गर्दी वाढली हे खरे. पण त्याच रेल्वेमुळे गर्दी लवकर पांगवताही येऊ लागली, हेही तितकेच खरे आहे. वाळवंटात उघड्यावर आठवडाभर अडकून पडणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घराकडे निघू शकला, याला मी आरोग्याच्या दृष्टीने फार महत्त्व देते.

१९०६ ते १९२७ अशी एकवीस वर्षे पंढरपूर हे या मार्गाचे शेवटचे स्थानक होते. गाडी तेथे येऊन थांबे आणि तेथूनच मागे फिरे. शब्दशः ती पंढरीची शाखा होती. दरम्यान १९११ मध्ये बार्शीकडचा फाटा लातूरला पोहोचला आणि १९२७ मध्ये पंढरपूरचा मार्ग पुढे मिरजेला जाऊन भिडला. लातूर ते मिरज असा सुमारे ३२५ किलोमीटरचा हा अरुंद मार्ग मराठवाड्याला दक्षिण महाराष्ट्राशी जोडणारा झाला. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने तो कंपनीकडून विकत घेतला आणि तो मध्य रेल्वेत सामील झाला. कंपनी गेली, पण लोकांनी नाव सोडले नाही. माझ्या लहानपणी, १९८० च्या दशकातही, आमच्या गल्लीत कोणीही ‘मध्य रेल्वेने गेलो’ असे म्हणत नसे. सगळे ‘लाईटने गेलो’ असेच म्हणत.

या कालपटातली एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. गाडी १९०६ पासून पंढरपूरला जात होती आणि तिच्या तिकिटावर जात लिहिलेली नव्हती. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर जो बसेल तो उतारू होता. परंतु त्याच गाडीतून उतरलेल्या दलित वारकऱ्याला विठ्ठलाच्या मंदिरात पाऊल ठेवता येत नव्हते. त्याची वारी चोखोबांच्या समाधीपाशी संपत होती. मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरातच उपोषण केले आणि त्यानंतर ते दार उघडले. म्हणजे चाळीस वर्षे ही गाडी अशा माणसांनाही आणत राहिली ज्यांना दाराबाहेरूनच परत जायचे होते, आणि तरीही ती माणसे येत राहिली. या मार्गाचा इतिहास सांगताना इंजिनांची आणि रुळांची मापे सांगितली जातात, आणि ती मलाही प्रिय आहेत. पण या परतीच्या प्रवासांची नोंद त्या मापांशेजारी असावी असे मला मनापासून वाटते.

अरुंद गाडीची माझी आठवण आजीच्या मांडीवरून पाहिलेली आहे. कार्तिकीनंतर पंढरपूरहून निघालेली गाडी आत भरलेली आणि टपावरही भरलेली असे. पताका काठीला गुंडाळून बाकाखाली सारलेल्या असत, आणि डब्यात बुक्क्याचा, ओल्या धोतरांचा आणि चुरमुऱ्यांच्या पिशव्यांचा मिळून एक वास भरून राहिलेला असे. कुर्डुवाडी यायला अडीच-तीन तास लागत. गाडी संथ होती, पण आजीच्या पिढीला तिचा संथपणा उणीव वाटत नव्हता, कारण पंधरवडाभर चाललेल्या पायांना बसून राहणे हाच तेव्हा विसावा होता. डबा हलत असे, वळणावर करकरत असे, आणि बायका पोथीतल्या ओव्या म्हणता म्हणता एकमेकींच्या खांद्यावर झोपून जात. आजी मला सांगे की जाताना भजन असते आणि येताना झोप असते, आणि दोन्ही देवालाच पोहोचतात.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी कुर्डुवाडी ते पंढरपूर हा टप्पा ब्रॉडगेज झाला. पुढे २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद आणि २००८ मध्ये उस्मानाबाद ते बार्शी मार्गे कुर्डुवाडी असे टप्पे पुरे झाले, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत मिरजेकडची बाजूही रुंद झाली. उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही जुन्या अरुंद मार्गावर नव्हते. रुंदीकरण करताना मार्गाची आखणी बदलून त्या शहराला रेल्वे मिळाली, हे या कामाचे मोठे पुण्य आहे. अरुंद गाडी गेल्याचे दुःख मला झाले, ते अजूनही आहे, पण ती तशीच राहायला हवी होती असे मी म्हणणार नाही. मार्ग अरुंद असताना नागपूरच्या किंवा मुंबईच्या माणसाला कुर्डुवाडीला उतरून, सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलावी लागत असे. आज तीच गाडी सरळ पुढे जाते, आणि म्हाताऱ्या माणसासाठी गाडी न बदलणे ही किती मोठी सोय आहे हे मला कार्तिकीला आईबरोबर जाताना कळले.

आता आजच्या सेवेकडे येते. माघातल्या साध्या दिवशी मी सकाळच्या गाडीने कुर्डुवाडीहून निघाले. डबा अर्धा रिकामा होता. मोडनिंबला बाजाराच्या पिशव्या घेतलेली माणसे चढली, आष्टीला काही उतरली. दोन्ही बाजूंना काढणीला आलेली ज्वारी, आणि जेथे उजनीचे पाणी पोहोचले आहे तेथे उसाचे हिरवे पट्टे, असा हा मुलूख खिडकीतून सलग दिसत राहतो. मार्ग एकेरी आहे, त्यामुळे समोरून गाडी येणार असेल तर एखाद्या स्थानकावर थांबावे लागते, आणि तो वेळ धरूनच पुढचा बेत आखावा. एरवी तासाभरात पंढरपूर येते. विजेच्या तारा आल्यापासून धुराचा त्रास उरलेला नाही. मध्य रेल्वेच्या सर्व ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण २०२३ च्या फेब्रुवारीत पूर्ण झाले आणि त्यात हा मार्गही आला.

पंढरपूरच्या अलीकडे गाडी भीमेच्या पुलावर येते. भीमा येथे चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, पण नदी ओलांडून पंढरीत प्रवेश करण्याचा अनुभव रेल्वेने येणाऱ्याला जसा मिळतो तसा तो इतरांना क्वचितच मिळतो. पुलाचा आवाज बदलला की डब्यातली बोलणी थांबतात. माघातल्या त्या अर्ध्या रिकाम्या डब्यातसुद्धा बाजारकरू माणसांनी हात जोडले, आणि कोणीतरी ‘पुंडलिक वरदे’ म्हटल्यावर अनोळखी माणसांनी ‘हरी विठ्ठल’ असे उत्तर दिले. या सेवेचे गुण मोजायचे असतील तर हा एक मिनिट मी सर्वांत वर ठेवीन.

स्थानकापासून मंदिर दीड-दोन किलोमीटरवर आहे. धडधाकट माणसाने हे अंतर चालावे. वृद्धांसाठी बाहेर रिक्षा मिळतात, मात्र यात्रेच्या दिवसांत रस्ते वाहनांना बंद असतात आणि त्या वेळी शेवटचा टप्पा पायीच करावा लागतो, हे आधी ध्यानात घ्यावे. कार्तिकीला आम्ही एकादशीच्या दोन दिवस आधी पोहोचलो आणि द्वादशीच्या दुसऱ्या दिवशी परतलो, आणि वृद्ध माणसांना बरोबर नेणाऱ्या सर्वांना मी हाच क्रम सुचवीन. आषाढीपेक्षा कार्तिकीला हवा कोरडी असते, वाळवंटात चिखल नसतो, आणि गर्दी मोठी असली तरी गाडीत बसायला जागा मिळण्याची आशा अधिक असते.

आषाढीचा परतीचा प्रवास मात्र वेगळ्याच प्रकारचा असतो, आणि या मार्गाची खरी परीक्षा त्याच दिवशी होते. आळंदीहून आणि देहूहून निघालेल्या पालख्या सुमारे अडीचशे किलोमीटर चालत येतात आणि पौर्णिमेच्या गोपाळकाल्यानंतर चालतच परतात. पण त्यांच्याबरोबर आलेले बहुसंख्य वारकरी बारस सोडली की मिळेल त्या वाहनाने घराकडे निघतात, कारण पाऊस झालेला असतो आणि पेरणी खोळंबलेली असते. ज्या लोकांना यायला पंधरा-वीस दिवस लागले त्या सर्वांना दोन दिवसांत परत पोहोचवायचे असते. एसटी हा भार मोठ्या प्रमाणावर उचलते आणि तिचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु विदर्भाच्या पल्ल्याच्या प्रवासाला, दुखऱ्या पायांना आणि मोठ्या बोचक्यांना रेल्वेचा डबाच सोयीचा पडतो. म्हणूनच आषाढीला नागपूर, नवी अमरावती, खामगाव, भुसावळ, लातूर, मिरज अशा ठिकाणांहून खास गाड्या सोडल्या जातात. यातल्या खामगावचे मला विशेष वाटते, कारण जलंबहून खामगावला जाणारा छोटा फाटाही १८७० मध्ये कापसासाठीच बांधला गेला होता. कापसासाठी टाकलेल्या एका शाखेवरून माणसे निघतात आणि कापसासाठीच सुरू झालेल्या दुसऱ्या मार्गाच्या शाखेने पंढरीला पोहोचतात.

द्वादशीच्या दुपारी मी फलाटावर पोहोचले तेव्हा तेथे पाय ठेवायला जागा नव्हती, तरी ढकलाढकली नव्हती. दिंडीतली माणसे दिंडीच्या ओळीतच बसलेली होती. विणेकरी मध्ये, तुळशीवृंदावने एका बाजूला, आणि ज्याच्या हातात पताका तो उभा. घोषणा मराठीत स्पष्ट होत होत्या आणि गाडी कोणत्या फलाटावर येणार हे पुरेसे आधी सांगितले गेले, त्यामुळे शेवटच्या क्षणी पळापळ झाली नाही. रेल्वेचे जवान आणि स्वयंसेवक म्हाताऱ्यांना हात धरून चढवत होते. माझ्याशेजारी बसलेल्या आजी सातारा जिल्ह्यातल्या होत्या, सोळा दिवस चाललेल्या. मी विचारले, “माउली, पाय दुखत असतील ना?” त्या म्हणाल्या, “चालत हुतो तवा कायबी दुखलं न्हाई बग. आता बसल्यावर समदं दुखाया लागलंय.” मग त्यांनी पाय बाकावर घेतले आणि समोरच्या माणसाने, जो त्यांच्या ओळखीचा नव्हता, स्वतः उभे राहून त्यांना जागा करून दिली.

उणिवा सांगणे हे परीक्षणाचे कामच आहे. यात्रेच्या दिवसांतली व्यवस्था आणि वर्षाच्या उरलेल्या दिवसांतली सेवा यांत मोठी तफावत आहे. साध्या दिवशी कुर्डुवाडी ते पंढरपूर गाड्या मोजक्याच आहेत, आणि त्यातल्या काही लांब पल्ल्याच्या असल्यामुळे त्यांच्या वेळा दूरच्या शहरांच्या सोयीने ठरतात. आता दर एकादशीला पंढरपूरला जाणारे महिन्याचे वारकरी पुष्कळ आहेत. सकाळी येऊन, चंद्रभागेचे स्नान आणि मुखदर्शन उरकून संध्याकाळी परतणाऱ्या या माणसांसाठी सकाळी जाणारी आणि संध्याकाळी येणारी अशी लहान गाडी, मुख्य मार्गावरच्या गाड्यांशी कुर्डुवाडीला जोड मिळेल अशा वेळेची, महिन्यातल्या दोन्ही एकादशींना तरी असावी. कॅलथ्रॉप यांच्या काळी डबे वर्षभर उभे ठेवणे परवडत नव्हते. आज दोन्ही टोकांना चालकाची खोली असलेल्या, इंजिन न बदलता परतणाऱ्या गाड्या आहेत, आणि अशी एखादी गाडी या मार्गाला शोभेल.

दुसरी उणीव कुर्डुवाडीची. जंक्शन म्हटले की फलाट बदलणे आले, आणि गुडघे गेलेल्या माणसाला जिना हा साऱ्या यात्रेतला सर्वांत कठीण चढ असतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी थेट पंढरपूरची गाडीच निवडावी. मुंबईकरांसाठी दादरहून आठवड्यातले काही दिवस पंढरपूरमार्गे जाणारी गाडी आहे. नागपूर–कोल्हापूर गाडी लातूर, बार्शी, पंढरपूर, मिरज असा जुन्या बार्शी लाईटचा जवळजवळ सगळा पट्टा पार करते. आणि म्हैसूरची गोलगुंबज एक्स्प्रेस बंगळूर, हुबळी, विजापूर, सोलापूर करत पंढरपूरपर्यंत येते. कर्नाटकातल्या हरिदासांच्या परंपरेला हा देव आपला वाटत आला आहे, आणि या गाडीच्या डब्यात कानडी भजन ऐकत कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणे हा मला लाभलेला अनपेक्षित आनंद होता. वेळापत्रके बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी ती तपासून घ्यावीत, आणि आषाढीच्या खास गाड्यांचे आरक्षण उघडताच करावे.

तिसरी गोष्ट उणीव म्हणण्यापेक्षा मागणी आहे. कुर्डुवाडीचे वर्कशॉप हे बार्शी लाईटचे अपत्य आहे, आणि आमच्या भागातल्या कित्येक घरांची चूल त्या वर्कशॉपच्या भोंग्यावर पेटली. त्या कारागिरांच्या मुलाबाळांपाशी अजून आठवणी आहेत, छायाचित्रे आहेत, काहींपाशी तर पितळी बिल्लेही आहेत. पंढरपूरच्या स्थानकावर, जेथे वारकरी गाडीची वाट पाहत तास-दोन तास बसतात, तेथे या साऱ्याचे एक छोटे, कायमचे दालन व्हावे. वाट पाहणाऱ्या माणसाइतका वाचक आणि श्रोता दुसरा मिळणार नाही.

गुण द्यायचे तर आषाढी-कार्तिकीच्या सेवेला मी पाचपैकी साडेचार देईन आणि साध्या दिवसांच्या सेवेला तीन. डब्यांची स्वच्छता मला तिन्ही प्रवासांत समाधानकारक वाटली; पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे, आणि खाण्यासाठी भाकरी-चटणी घरूनच न्यावी, कारण हा प्रवास लहान आहे आणि वाटेत फारसे काही मिळत नाही. परतताना प्रसादाची खरेदी स्थानकाकडे निघण्याआधी मंदिराजवळच्या पेठेत उरकावी. चुरमुरे, डाळे, बत्तासे, बुक्का, कुंकू आणि तुळशीच्या माळा यांची एक पिशवी वेगळी ठेवावी, म्हणजे डब्यात शेजारच्यांना देता येते. तशी रीत आहे आणि ती अजून टिकून आहे.

कार्तिकीच्या परतीला गाडी भीमेच्या पुलावर आली तेव्हा आई झोपली होती. मी तिला उठवावे की नाही या विचारात असतानाच पुलाचा आवाज सुरू झाला, आणि डोळे न उघडताच तिने हात जोडले. पुढच्या कार्तिकीला खिडकीची जागा घे, असे तिने कुर्डुवाडीला उतरताना मला सांगितले आहे.